‘पावसाची शक्यता ४० टक्के’ म्हणजे नेमके काय, आणि हा आकडा ठरतो कसा?

प्रश्न : बांधकाम_अभियंता

मी बांधकामाच्या जागेवर देखरेख करणारा अभियंता आहे, त्यामुळे हवामानाचा अंदाज पाहिल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. गेल्या पंधरवड्यात एका मोठ्या स्लॅबची तारीख ठरवायची होती. सोमवारी पाहिले तेव्हा शुक्रवारसाठी पावसाची शक्यता २० टक्के दाखवली होती, बुधवारी ती ६० झाली आणि गुरुवारी संध्याकाळी ४० वर आली. सेंट्रिंग तयार होते, माणसे ठरलेली होती, म्हणून आम्ही काही ताडपत्र्या मागवून ठेवल्या आणि शुक्रवारी सकाळी काम सुरू केले. दुपारी तीनच्या सुमारास बहुतेक स्लॅब टाकून झालेला असताना वीस मिनिटे जोराची सर आली. ताडपत्र्या निम्म्या भागालाच पुरल्या. उरलेल्या ओल्या काँक्रीटवरची स्लरी वाहून गेली आणि खडी उघडी पडली. तेथून दोन किलोमीटरवर आमचेच दुसरे काम चालू आहे, तेथे त्या दिवशी थेंबही पडला नाही.

अंदाज देणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. मला तो वाचायचा कसा, हे शिकायचे आहे. ४० टक्के हे कशाचे : वेळेचे, क्षेत्राचे, की आणखी कशाचे? चार दिवसांत आकडा दोनदा का बदलला? तो माणूस ठरवतो की संगणक? आणि ‘तुरळक ठिकाणी’, ‘मुसळधार’, ‘यलो अलर्ट’ या शब्दांना काही ठरलेले माप आहे, की ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असतात?

उत्तर : नकाशा_वाचक

माझ्या समजुतीप्रमाणे ४० टक्के म्हणजे ज्या क्षेत्रासाठी अंदाज दिला आहे, त्याच्या ४० टक्के भागावर पाऊस पडणार. शब्दांना मापे निश्चित आहेत. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक केंद्रांवर पाऊस. आपल्या एका कामावर पाऊस झाला आणि दुसरे कोरडे राहिले, हे या अर्थाशी जुळते.

उत्तर : जुना_निरीक्षक

वेधशाळेत निरीक्षक म्हणून आणि नंतर अंदाज देणाऱ्या विभागात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नकाशा_वाचक यांनी शब्दांची वर्गवारी अचूक दिली आहे. टक्क्यांचा अर्थ मात्र तो नाही, आणि ही गल्लत इतकी सर्रास होते की तिच्यापासूनच सुरुवात करणे बरे. ‘काही ठिकाणी’ हे शब्द क्षेत्राविषयी बोलतात. ‘४० टक्के शक्यता’ हे शब्द एका जागेविषयी बोलतात : अंदाजाच्या क्षेत्रातली कोणतीही एक जागा घेतली, तर ठरलेल्या कालावधीत तेथे मोजता येईल इतका पाऊस पडण्याची संभाव्यता ४० टक्के आहे. ‘मोजता येईल इतका’ यालाही व्याख्या असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेत १९६० च्या दशकाच्या मध्यापासून असे टक्के लोकांना दिले जातात, आणि तेथे ही मर्यादा एक शतांश इंच, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर आहे. तेव्हा पाऊस किती जोराचा असेल किंवा किती वेळ टिकेल, याविषयी तो आकडा अवाक्षरही काढत नाही.

क्षेत्राचा संबंध येतो, पण आडून येतो. समजा, दुपारी सरी उठतीलच अशी अंदाजकाराची ८० टक्के खात्री आहे, आणि त्या उठल्या तर निम्म्या क्षेत्राला भिजवतील असे त्याला दिसते. मग कोणत्याही एका जागेसाठी संभाव्यता ८० टक्क्यांच्या निम्मी, म्हणजे ४० टक्के होते. उलट, एखादी मोठी पावसाळी प्रणाली येणार की बाजूने जाणार एवढाच प्रश्न असेल आणि आली तर सगळे क्षेत्र भिजणार असेल, तर ४० टक्के खात्री असतानाही आकडा ४० च निघतो. पहिल्या दिवशी काही भाग जवळजवळ नक्की भिजणार असतो. दुसऱ्या दिवशी एक तर सगळे भिजते, नाही तर सगळे कोरडे. आकड्यावरून हे दोन दिवस वेगळे ओळखता येत नाहीत, आणि म्हणूनच आकड्याच्या शेजारचे वाक्य वाचावे लागते. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह सरी’ असे लिहिले असेल, तर तो पहिल्या प्रकारचा दिवस आहे. दोन किलोमीटरवरचे आपले दुसरे काम कोरडे राहिले, यात मग नवल उरत नाही.

ही समजूत कुठे आणि किती चुकते याचा अभ्यासही झाला आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात न्यूयॉर्क, अॅमस्टरडॅम, बर्लिन, मिलान आणि अथेन्स या पाच शहरांतल्या लोकांना ‘उद्या पावसाची शक्यता ३० टक्के’ याचा अर्थ विचारला होता. बहुसंख्यांनी योग्य अर्थ निवडला तो केवळ न्यूयॉर्कमध्ये. युरोपातल्या शहरांत ‘उद्या ३० टक्के वेळ पाऊस पडेल’ हा अर्थ सर्वाधिक पसंत केला गेला आणि त्याखालोखाल ‘३० टक्के भागात पडेल’ हा. दोष लोकांचा आहे असे मला वाटत नाही. ‘३० टक्के कशाचे’ हे अंदाजात लिहिलेलेच नसते.

आता आकडा येतो कुठून ते सांगतो, आणि त्यासाठी फुग्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या नोकरीची सुरुवातही तेथेच झाली. जगभरातल्या शेकडो केंद्रांवरून, ग्रीनिच वेळेप्रमाणे शून्य आणि बारा वाजताच्या निरीक्षणांसाठी, हायड्रोजन किंवा हेलियम भरलेले रबरी फुगे सोडले जातात. फुग्याखाली बांधायचे रेडिओसाँड नावाचे हलके उपकरण आधी जमिनीवरच्या मापकांशी ताडून पाहायचे, बॅटरी तपासायची, दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघायची आणि मगच फुगा बाहेर आणायचा. वारा असेल तर तो हाताला हिसके देत राहतो. सोडला की मिनिटाला सुमारे तीनशे मीटर या वेगाने चढतो, वरच्या विरळ हवेत फुगत जातो आणि साधारण तीस किलोमीटरच्या आसपास फुटतो. तोपर्यंत खोलीतल्या पडद्यावर तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचे आकडे उमटत असतात.

हवेच्या खालच्या थरांत तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. परंतु काही सकाळी दीड-दोन किलोमीटरवर ते उतरायचे थांबते आणि अंश-दोन अंशांनी चढते. हा उबदार थर झाकणासारखा वागतो. जमिनीजवळची दमट हवा दुपारी तापून वर उठू पाहते आणि त्या थराला अडते. झाकण टिकले तर दिवस कोरडा जातो. ते एखाद्या ठिकाणी फुटले, तर तासाभरात तेथे दहा-बारा किलोमीटर उंचीचा गडगडाटी ढग उभा राहू शकतो. टिकणे आणि फुटणे यांत कधी कधी एखाद्या अंशाचे अंतर असते. उंचीप्रमाणे बदलत्या तापमानाची रेघ पडद्यावर पाहत असताना दुपारी काय होणार हे छातीठोकपणे सांगता येत नाही, ही गोष्ट मी पुस्तकातून नव्हे, अशा सकाळींनी शिकलो.

फुग्यांबरोबर उपग्रह, विमाने, जहाजे, समुद्रातले तरते मापक, रडार आणि जमिनीवरची केंद्रे यांची निरीक्षणे येतात. संख्येने पाहिले तर आज सर्वाधिक माहिती उपग्रहांचीच असते. तरीही पृथ्वीभोवतीचे सगळे वातावरण मोजून होत नाही. म्हणून संगणकाने काही तासांपूर्वी केलेला अल्पकालीन अंदाज आणि ताजी निरीक्षणे यांची, प्रत्येकातली संभाव्य चूक लक्षात घेऊन, सांगड घातली जाते आणि ‘या क्षणी वातावरण असे आहे’ याचे शक्य तितके चांगले चित्र तयार होते. तेथून पुढे भौतिकशास्त्राची समीकरणे ते चित्र थोड्या थोड्या मिनिटांनी पुढे सरकवतात.

ही कल्पना नॉर्वेचे शास्त्रज्ञ व्हिल्हेल्म बियर्कनेस यांनी १९०४ मध्ये स्पष्टपणे मांडली. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने ती हाताने करून पाहिली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम करताना त्यांनी २० मे १९१० या दिवसासाठी मध्य युरोपातल्या एका जागेची गणना केली. सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल, असे उत्तर आले. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास स्थिर होता, आणि एवढा बदल तर भीषण चक्रीवादळातही सहा तासांत होत नाही. रिचर्डसन यांनी हे उत्तर लपवले नाही. १९२२ मध्ये त्यांनी पद्धतीसह, उत्तरासह आणि चुकीसह सगळे छापले. त्या प्रामाणिकपणाविषयी मला आजही फार आदर वाटतो, कारण त्यामुळेच पुढच्यांना चूक शोधता आली. समीकरणे बरोबर होती. सुरुवातीच्या आकड्यांत वारा आणि दाब यांचा मेळ नव्हता. पुढे तेच आकडे नीट संतुलित करून तीच गणना पुन्हा केली गेली, तेव्हा उत्तर वास्तवाजवळ आले. १९५० मध्ये एनिॲक या संगणकावर पहिले यशस्वी अंदाज काढले गेले तेव्हा चोवीस तासांच्या अंदाजाला गणनेलाच सुमारे चोवीस तास लागत होते.

सुरुवातीचे चित्र किती महत्त्वाचे आहे हे १९६१ मध्ये अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांना आणखी एका मार्गाने दिसले. संगणकावरची एक गणना मधूनच पुन्हा सुरू करण्यासाठी त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला. सुरुवातीला दोन्ही गणना जोडीने चालल्या आणि मग इतक्या दूर गेल्या की त्यांत काही नाते उरले नाही. निरीक्षणांत दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंतची अचूकता मिळणे तर अशक्यच आहे. यावर उपाय म्हणून डिसेंबर १९९२ पासून युरोपीय मध्यम-पल्ला अंदाज केंद्राने आणि अमेरिकेच्या केंद्राने एकाऐवजी अनेक गणना नेमाने चालवायला सुरुवात केली. प्रत्येक गणनेत सुरुवातीचे चित्र किंचित बदललेले असते. युरोपीय केंद्रात आज अशा पन्नास गणना आणि एक मूळ गणना चालते. पन्नासपैकी वीस गणनांत आपल्या जागी पाऊस दिसला, की ४० टक्क्यांचा कच्चा आकडा हाती येतो.

आपल्या २०, ६० आणि ४० चे उत्तर यात आहे. सोमवारी शुक्रवार चार दिवस दूर होता आणि बहुतेक गणनांत पावसाचा पट्टा बाजूने जात होता. बुधवारी नवी निरीक्षणे आली, सगळ्या गणना नव्या चित्रापासून सुरू झाल्या आणि त्यांतल्या अधिक गणनांत पट्टा आपल्यावर आला. गुरुवारी तो पुन्हा थोडा सरकला. नेमके असेच घडले असे मी आपल्या दिवसाविषयी ठामपणे म्हणणार नाही, पण आकडे हलण्याची नेहमीची वाट ही आहे. नवी माहिती आल्यावरही आकडा हलला नसता तरच मला काळजी वाटली असती.

माणूस की संगणक, याचे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे. युरोपीय केंद्राची गणना वातावरणाचे सुमारे नऊ किलोमीटर रुंदीचे चौकोन पाडून चालते. एकटा गडगडाटी ढग अनेकदा त्याहून लहान असतो, त्यामुळे ढग गणनेत स्वतः दिसत नाही, त्याचा सरासरी परिणाम सूत्राने धरला जातो. अंदाजकार वेगवेगळ्या गणना, सकाळच्या फुग्याची रेघ, रडार आणि त्या प्रदेशाच्या डोंगर-दऱ्यांची आपली ओळख यांवरून तो कच्चा आकडा दुरुस्त करतो, आणि नंतर तो शब्दांत मांडतो. मांडणीचे हे काम गणनेइतकेच अवघड आहे, असे माझे मत आहे.

शब्दांविषयी नकाशा_वाचक यांच्या उत्तरात भर घालतो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘मुसळधार’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अति मुसळधार’ आणि त्यापुढे ‘अत्यंत मुसळधार’. ही बेरीज चोवीस तासांची आहे. वीस मिनिटांत पंधरा मिलिमीटर पाऊस पडून थांबला, तर स्लॅबचा घात होतो, पण दिवसाच्या हिशेबात तो पाऊस ‘हलका’ ठरतो, कारण हलक्याची मर्यादा १५.५ पर्यंत आहे. ‘हलका पाऊस’ वाचून बांधकामावर कोणी निर्धास्त राहू नये. रंगांचे म्हणाल, तर यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे कृती करा. रंग ठरवताना घटना घडण्याची संभाव्यता आणि घडली तर होणारा परिणाम, या दोन्हींचा विचार असतो, म्हणून एकाच मिलिमीटरला दोन ठिकाणी दोन रंग मिळू शकतात.

उत्तर : संख्याशास्त्र_शिक्षिका

वरील उत्तर मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे. एक बाजू राहिली आहे, ती मांडते : ‘४० टक्के’ म्हणणारा बरोबर होता की चूक, हे एका शुक्रवारवरून ठरवताच येत नाही. पाऊस पडला म्हणून तो चुकला असे नाही, आणि पडला नसता तर तो बरोबर ठरला असता असेही नाही. त्याने ज्या ज्या दिवशी ४० टक्के म्हटले ते सगळे दिवस एकत्र करायचे. अशा शंभर दिवसांपैकी चाळीसच्या आसपास दिवशी पाऊस झाला असेल, तर त्याचा ४० हा खरा ४० आहे. सत्तर दिवशी झाला असेल, तर तो पाऊस कमी लेखतो.

याच्या मोजणीसाठी अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सुचवलेली रीत आजही वापरात आहे. संभाव्यता आणि प्रत्यक्ष घटना यांतील फरकाचा वर्ग घ्यायचा, पाऊस पडल्यास घटनेची किंमत एक आणि न पडल्यास शून्य धरायची. ०.४ म्हटले आणि पाऊस पडला, तर फरक ०.६, वर्ग ०.३६. पडला नाही, तर वर्ग ०.१६. अनेक दिवसांची सरासरी जितकी लहान, तितका अंदाज चांगला. या रीतीचा एक गुण मला विशेष वाटतो : मनात ४० असताना धाडसाने ९० म्हणणारा आणि भीतीने ५० म्हणणारा, दोघांचाही गुणांक दीर्घकाळात बिघडतो. मनातला आकडा जसाच्या तसा सांगण्यातच अंदाजकाराचे हित राहते.

आता आपल्या स्लॅबकडे येते. येथे खरे निर्णय दोन होते आणि दोन्हींना एकच नियम लागू होतो. बचावाचा खर्च भागिले त्यामुळे वाचणारे नुकसान, हे गुणोत्तर काढायचे. पावसाची संभाव्यता त्याहून जास्त असेल, तर बचाव करायचा. काम पुढे ढकलण्याचा खर्च संभाव्य नुकसानाच्या निम्मा असेल, तर ढकलण्याची मर्यादा ५० टक्के येते, म्हणजे ४० टक्क्यांना काम सुरू करणे योग्यच होते. परंतु पूर्ण स्लॅब झाकण्याइतक्या ताडपत्र्या ठेवण्याचा खर्च नुकसानाच्या एक दशांश असेल, तर त्याची मर्यादा अवघी १० टक्के आहे. ४० टक्क्यांना निम्म्याच ताडपत्र्या ठेवणे या हिशेबात बसत नाही. माझी गुणोत्तरे काल्पनिक आहेत, आपण आपली भरून पाहा. ‘किती टक्क्यांना घाबरायचे’ याचे एकच उत्तर सगळ्यांसाठी नसते, कारण प्रत्येकाचे गुणोत्तर वेगळे असते.

तासागणिक टक्के पाहणार असाल तर एक सावधगिरी घ्यावी. दुपारच्या चार तासांसमोर प्रत्येकी २० टक्के लिहिले असेल, तर सगळ्या दुपारची शक्यता २० टक्के नसते आणि बेरीज करून ८० ही होत नाही. प्रत्येक तास दुसऱ्यापासून पूर्ण स्वतंत्र मानला तर ती सुमारे ५९ टक्के येते. पण ज्या दुपारी ढग उठतात त्या दुपारी लागोपाठच्या तासांत पाऊस सापडतो, त्यामुळे खरा आकडा बहुधा २० आणि ५९ यांच्या मध्ये कुठेतरी असतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : बांधकाम_अभियंता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी त्या शुक्रवारचा अंदाज पुन्हा काढून वाचला. ४० च्या खालीच ‘दुपारनंतर तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम सरी’ असे वाक्य होते. मी आकडा पाहिला होता, वाक्य पाहिले नव्हते. ताडपत्र्यांचे गुणोत्तरही काढले, ते एक दशांशापेक्षाही कमी आले.

दोन शंका उरल्या आहेत. माझ्या फोनवरची तीन अॅप त्याच दिवसासाठी २५, ४० आणि ७० दाखवत होती, हे कसे? आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेने अंदाज काढतात असे वाचतो, मग ही सगळी समीकरणे आणि फुगे मागे पडणार का?

उत्तर : जुना_निरीक्षक

तीन अॅप बहुधा तीन वेगळ्या केंद्रांच्या गणना वापरत असतील, आणि तशी नसली तरी त्यांचा कालावधी वेगळा असू शकतो. कोणी दिवसभराची शक्यता दाखवते, कोणी सर्वांत पावसाळी तासाची, कोणी कच्चा आकडा जसाच्या तसा, तर कोणी मागच्या चुकांवरून दुरुस्त केलेला. आकडा कशाचा आहे हे ज्या अॅपच्या माहितीत लिहिलेले नाही, त्याच्यावर मी तरी कामाची तारीख ठरवणार नाही. तीन आकड्यांची सरासरी काढण्यापेक्षा त्यांच्यातली तफावत लक्षात घ्यावी. एवढी तफावत असेल, तर तो दिवस अनिश्चित आहे. मग सकाळी अकरापासून दर अर्ध्या तासाने रडारचे चित्र पाहणे उपयोगी पडते. एकेका गडगडाटी ढगाचे आयुष्य अर्धा ते एक तासाचे असते, त्यामुळे रडार पाहून पुढच्या एखाद्या तासाचे बऱ्यापैकी सांगता येते, त्यापुढचे फारसे नाही. काँक्रीट झाकायला मात्र तेवढा वेळ पुरतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे यश खरे आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पांगू-वेदर आणि ग्राफकास्ट या प्रणालींनी अनेक कसोट्यांवर प्रचलित गणनांची बरोबरी केली किंवा त्यांना मागे टाकले, आणि ग्राफकास्टला दहा दिवसांचा अंदाज काढायला एक मिनिटही लागत नाही. युरोपीय केंद्राने स्वतःची अशी प्रणाली फेब्रुवारी २०२५ पासून नेहमीच्या कामात घेतली आहे. परंतु या प्रणाली शिकल्या त्या गेल्या अनेक दशकांच्या वातावरणाच्या नोंदींवरून, आणि त्या नोंदी निरीक्षणे व समीकरणे यांची सांगड घालूनच तयार झाल्या होत्या. रोजचा अंदाज सुरू करायलाही त्यांना त्या दिवसाचे सुरुवातीचे चित्र लागते, आणि ते आजही फुगे, उपग्रह आणि केंद्रे यांच्याकडूनच येते. समीकरणांच्या कामाचा मोठा वाटा त्या उचलतील, असे मला वाटते. मोजणी बंद पडली तर त्यांच्याकडे सुरुवात करायलाच काही नसेल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : बांधकाम_अभियंता

संख्याशास्त्र_शिक्षिका यांनी सांगितल्याप्रमाणे मी आता रोजचा अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस वहीत लिहिणार आहे, म्हणजे वर्षभराने माझ्या जागेपुरता ४० चा अर्थ मलाच कळेल. कामावर पाऊस मोजण्याची सोपी रीत कोणती?

उत्तर : जुना_निरीक्षक

पर्जन्यमापक मिळाला तर उत्तम. नाही तर तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचे, सरळ बाजूंचे आणि सपाट बुडाचे भांडे घ्या आणि त्यात साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, हे स्लॅबच्या क्षेत्रफळाने गुणले की किती पाणी पडले ते कळेल. भांडे मोकळ्या जागी ठेवा, जवळच्या भिंतीपासून किंवा मचाणापासून निदान तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, आणि वाऱ्याने कलंडणार नाही असे.

मोजणीची वेळ एकच ठेवा. वेधशाळेत सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आधीच्या चोवीस तासांचा पाऊस मानतात, त्यामुळे शुक्रवारी दुपारी तीनला पडलेला पाऊस शनिवारच्या नोंदीत दिसतो. आपल्या वहीची वेधशाळेच्या आकड्यांशी तुलना करताना हे विसरू नका, नाही तर सगळे एका दिवसाने सरकेल. सरीची सुरुवात आणि शेवट घड्याळ पाहून लिहा, कारण आपल्या कामाला दिवसाच्या बेरजेपेक्षा तेच अधिक उपयोगी पडेल. अंदाजाचा आकडा आदल्या संध्याकाळी, पाऊस पाहण्यापूर्वीच, शाईने लिहून ठेवा. आणि ज्या दिवशी पाऊस झाला नाही त्या दिवशी शून्य लिहा, रकाना रिकामा सोडू नका. रिकाम्या रकान्यावरून पाऊस नव्हता की मोजायचे राहून गेले, हे महिनाभराने आपल्यालाही सांगता येणार नाही.